पान दोनशे बारा

आमच्या शाळेत भौतिकशास्त्र नाही.
होतं; सर निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले,
जागा भरली नाही.
मेनच्या या टोकाला, कॅनडाच्या हद्दीला टेकलेल्या
बटाट्याच्या गावात कोण येतंय?

म्हणून ओडील थिबोडो ग्रंथालयात आली, माझ्याकडे,
आणि वरच्या परीक्षेचं सगळ्यांत जाड पुस्तक मागितलं.
मी शिक्का मारला. मला तेवढंच येतं.

सप्टेंबरात सुगीची सुट्टी, तीन आठवडे.
ती यंत्राच्या पट्ट्याशी उभी राहून
बटाट्यांतले दगड वेचायची,
संध्याकाळी मातीच्या हातांनी येऊन सांगायची,
"दगड असो की बटाटा, मिस पेलेटिए,
पडतात सारखेच. फरक फक्त हाताला कळतो."

मग हिवाळा. चार वाजताच अंधार, हीटरची खडखड.
अडलं तर विचारायला कुणी नाही.
मला समोर बसवायची:
"तुम्ही फक्त 'का' म्हणा."
मी म्हणायचे, का?
पुस्तकांची ढकलगाडी लोटून दाखवायची,
सगळं माझ्या डोक्यावरून जायचं,
पण एखाद्या 'का'पाशी ती थबकायची
आणि खोडरबर शोधायची.

फेब्रुवारीत एका गणितानं चार दिवस खाल्ले.
बिजागरीभोवती फिरणारं एक दार. उत्तर जुळेना.
"मी मठ्ठच," म्हणाली, घरच्या फ्रेंचमध्ये.
पाचव्या दिवशी बुटांवरचं बर्फ न झटकताच आत:
पुस्तकच चुकलंय!
छापलेलं चुकू शकतं, हे तिला तोवर माहीत नव्हतं.
मला माहीत होतं. सांगायला हवं होतं.

मे महिन्यात परीक्षा. नदीचं बर्फ फुटून वाहत होतं.
खोलीत पंचवीस बाकं, एक मुलगी,
पर्यवेक्षक मी.
सूचना शब्दशः वाचायच्या, असा नियम.
उभी राहिले, वाचल्या:
सर्व विद्यार्थ्यांनी शांतता राखावी.
आपापसात बोलू नये.
शेजाऱ्याच्या उत्तरांकडे पाहू नये.
ओडीलनं शेजारच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं,
ओठ दाबून हसली.
मी हसले नाही. घड्याळ लावलं.

निकालाचं मला विचारू नका, तो तिचा.
पुस्तक मात्र जूनमध्ये परत आलं.
पान दोनशे बारा, समासात, बारीक पेन्सिलीनं:
"हे उत्तर चूक आहे. तुझं बरोबर आहे.
चार दिवस घालवू नकोस."

परत आलेल्या पुस्तकांतली पेन्सिल खोडणं माझं काम.
दुपारभर खोडत होते, इतरांच्या मिशा, बदाम, शिव्या.
मग हे पान आलं.
मी रबर खाली ठेवलं,
आणि पुस्तक खालच्या फळीवर,
सहज हाताला लागेल असं.