राव्दनाच्या दोन फाइली

काउतोकेनोहून निघालेला रक्तदाब
ट्रॉम्सोला पोचला दहा वाजून चार मिनिटांनी.
हृदयाचा आलेखही त्याच मिनिटाला आला.
शेजारी बसले, पण
एकमेकांना ओळख काही दाखवली नाही.

दाबाचं यंत्र एका देशातलं, आलेखाचं दुसऱ्या.
पहिल्यात अकरा आकडी जन्मक्रमांक मावेना,
त्यानं शेवटचा आकडा गिळला.
दुसऱ्याला तिच्या नावातल्या 'आ'वरची तिरकी रेघ कळेना;
त्यानं तिथं प्रश्नचिन्ह ठेवलं. दोनदा.

आता माझ्या पडद्यावर दोन म्हाताऱ्या:
एकीला दाब आहे, हृदय नाही.
दुसरीला हृदय आहे, तेही अडखळणारं,
पण नाव धड नाही.

हृदयतज्ज्ञ ट्युगेसेनबाई दारात उभ्या.
कुणाला तपासू, म्हणतात.

मग फोन.
तिकडून नर्स इंगर-ब्रित एकेक आकडा वाचते
आणि मी बिलाच्या पाकिटावर लिहून घेतो.
तीन वर्षं, सतरा बैठका, एवढे क्रोन,
आणि अखेर कामाला आला
माणसाचा घसा.

मागून कुणीतरी विचारतं, काय झालं गं?
"आजी, तुम्ही इथं दोन झालात."
हसू येतं, त्यामागून खोकला.
"दोनच?
वसतिगृहात घातलं तेव्हा बाईंनी रागनहिल्ड केलं मला,
सात वर्षं त्या नावानं जेवले.
ती कुठं गेली, विचार तुझ्या यंत्राला."

त्यांच्या गावालाही दोन नावं आहेत,
रस्त्यावरच्या पाटीवर एकाखाली एक.
मी गेलो होतो तेव्हा
सामी नावाला छऱ्यांची भोकं होती.
वाचता येत होतं तरी.

मी तक्ता लिहायला घेतो:
हे म्हणजे ते. ही रेघ म्हणजे ही रेघ.
गिळलेला आकडा इथून परत आणायचा.
चाळीस ओळी. खिडकीबाहेर दुपारचा अंधार,
डिसेंबरचा, नेहमीचा.

बारा वाजून वीस. पडदा विचारतो:
या दोन्ही व्यक्ती एकच आहेत का?
ही कृती मागे घेता येणार नाही.

बोट बटणावर, पण दाबवत नाही.
इंगर-ब्रित, त्यांनाच विचार ना.

फोनवर थोडी खुडबुड, खुर्चीचा आवाज.
मग तीच, अगदी जवळून:
"आज तरी, हो."