बटणांचे पैसे

ग्रंथालयाच्या तळघरात, बॉयलरला लागून माझं टेबल.
दारावर पाटी: संशोधन साहाय्य कार्यालय.
कार्यालय म्हणजे मी, एक प्रिंटर,
आणि छताजवळच्या खिडकीतून दिसणारे येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट.
बुटांवरून प्राध्यापक ओळखते मी.
चिखलाचे, फेब्रुवारीतही ओले, ते व्हर्ना उबेनचे.

तिला शिंपल्यांसाठी पैसे हवे असतात.
मिसिसिपीच्या तळाशी, गाळात अर्धे रुतून
माणसाएवढं जगणारे शिंपले.
त्यांना पाय असतो, एकच.
एका पायाने कुणाकुणाच्या दारी जाणार?

म्हणून मी जाते. दर सोमवारी, बसल्या जागी.
संरक्षण खात्याला हवेत ड्रोन,
बियाणेवाल्यांना मका.
एका प्रतिष्ठानाला पस्तिशीच्या आतले होतकरू
(व्हर्ना एकोणसाठची; होतकरू अजूनही,
पण त्याला अर्जात रकाना नाही).
दुसरं म्हणतं, आम्ही घालू तितकेच तुम्हीही घाला.
आमच्या कॉलेजने गेल्या वर्षी वाद्यवृंद बंद केला,
ट्रॉम्बोन अजून इथे, माझ्या कपाटामागे.
तिसऱ्याची मुदत पाच वाजेपर्यंत.
कुणाचे पाच? वॉशिंग्टनचे.
आयोवात तेव्हा चारच वाजलेले असतात
हे मी एकदा विसरले.
व्हर्ना काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी टेबलावर रुबार्बचा केक ठेवून गेली.
तो मला आठवडाभर गिळता आला नाही.

"हवामान घाल," मी तिला सांगते.
"आणि समाज घाल. दोनदा."
ती चष्मा पुसते, मग पहिल्यांदाच सांगावं तसं सांगते:
मादी शिंपला आपल्याच अंगाची झालर पाण्यात सोडते,
तिच्यावर डोळ्याचा ठिपका, मागे शेपूट, हलतं,
हुबेहूब छोटा मासा.
मोठा मासा तोंड घालायला येतो
आणि ती त्याच्या कल्ल्यांत पिल्लं फुंकते.
त्याच्या जिवावर ती नदी चढतात.
"तिला डोळे नाहीत, मार्लिस.
मासा कसा दिसतो, तिने कधी पाहिलेलंच नाही."
एवढं बोलून ती बसते
आणि समाज दोनदा घालते.

अकरा नकार. सगळ्यांत तेच:
आपले काम मोलाचे आहे, तथापि.

एप्रिलात, माझ्याआधीच्या माणसाच्या खणात,
वाळलेल्या रबरबँडांखाली एका वकिलाचं पत्र सापडलं.
बटण कारखानदाराच्या नातीचा न्यास.
वर्षाला चार हजार दोनशे डॉलर,
नदीतल्या कोणत्याही जिवासाठी.
अर्ज एक पान. हाताने लिहिलेला चालेल.
सहा वर्षांत कुणी मागितलेच नव्हते.

या गावाने शिंपल्यांचीच बटणं केली.
उकडले, सोलले, भोकं पाडली, गाड्या भरभरून.
माझ्या अंगणात टोमॅटो लावायला खणलं
तरी निघतात, एकेकात सहा-सात गोल भोकं,
आकाश आरपार.
वडिलांच्या आत्याची दोन बोटं त्याच यंत्रात गेली.

व्हर्नाने पत्र दोनदा वाचलं.
बाहीचं बटण चाचपलं, प्लॅस्टिकचं.
मग माझ्याच पेनाने लिहिलं:
किती उरलेत ते मोजायचं आहे.
खाली बोटीचं पेट्रोल, एका मुलीचा उन्हाळ्याचा पगार.
बस.

पैसे आले तेव्हा लेखा विभागाचा फोन:
यातले आमचे एक्केचाळीस टक्के?
मी म्हटलं, न्यासाच्या अटीत बसत नाही.
अटींचं पान माझ्याच खणात आहे.
त्यात तसं काही नाही.

जूनमध्ये एकदा बूट खिडकीशी थांबले.
ती गुडघ्यांवर बसली, केसांतून पाणी निथळत,
आणि काचेवरच्या धुळीत बोटाने एक आकडा काढला,
उलटा,
मला आतून सुलट दिसावा म्हणून.
सतरा.