नव्याण्णव

सोहारच्या विद्यापीठात मी आकडे भरते.
तीनशे बारा प्रश्नावल्या, प्रत्येकीत चाळीस चौकटी,
आणि एसीची ती घरघर
जिला हल्ली मी शांतता म्हणते.

'शिक्षण संपल्यावर स्वतःचा धंदा काढायची इच्छा किती?'
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे फार.
कशामुळे, तेही विचारलंय:
अभ्यासक्रम, घरचे, भांडवल, बुडण्याची भीती.
डॉक्टर बलूशींना ह्यातून एक रेषा हवी आहे,
शक्यतो वर जाणारी.

एकशे सदतीस नंबरनं पाचाभोवती गोल काढलाय
तो इतका दाबून, की कागद फाटला.
कारणांच्या चौकटी कोऱ्या.
समासात अरबीतली एकच ओळ,
माझ्या भाजीबाजारी अरबीनं लावली कशीबशी:
'बाबा रोज सकाळी गाडी धुतात.'

कोरं असेल तिथे नव्याण्णव टाकायचं, असा नियम.
टाकलं.

माझे अण्णा इस्लामपुरात शर्टाला इस्त्री करता करता म्हणायचे,
उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी,
आणि दहाच्या आत मस्टर गाठायला
सायकल दामटायचे.
मला त्यांनी बँकेच्या परीक्षांचे फॉर्म आणून दिले.
म्हण मात्र शेवटपर्यंत सोडली नाही.

गुरुवारी संध्याकाळी किनाऱ्यावर
एका जुन्या पजेरोच्या डिकीत करक चहा उकळत होता.
वेलचीचा वास, खारी हवा, मुलांची रांग.
चहा देणारी मुलगी अबायाच्या बाह्या सावरत
कागदी कप एकात एक घालत होती.
आणि पुढे एक गृहस्थ, पांढरीशुभ्र दिशदाशा,
बॉनेट पुसत होते.
धूळ नव्हतीच. तरी पुसत होते.

'नोकरीवर असतात?' मी विचारून बसले.
'होते. बावन्नाव्या वर्षी कंपनीनं घरी पाठवलं.
माफ करा, साखर कमी की जास्त?'

अर्ध्या रियालातून तिनं दोनशे बैसा परत केले.
दोनदा मोजून.
नाव मी विचारलं नाही. प्रश्नावलीवरही नव्हतं.

रविवारी फाइल उघडली.
एकशे सदतीस. नव्याण्णव.
शेजारी एक नवा रकाना घातला,
मथळ्याला दुसरं काही सुचेना, 'गाडी' असं लिहिलं,
आणि तिच्या ओळीत एक.

वर-खाली तीनशे अकरा ओळी मोकळ्या.
ह्यातलं काही त्यांना
विचारलंच नव्हतं कुणी.