थाळी

जेवणाचीच थाळी.
अर्धी काळी रंगवली, पोळ्याला शिंगांना लावून उरलेल्या रंगानं.
मधोमध खिळ्याचं भोक, भोकातून दोरी,
दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी.
दर सोमवारी डोंगा मध्यावर नेऊन
ती मी पाण्यात सोडते
आणि कितव्या गाठीला दिसेनाशी होते
ते संस्थेच्या वहीत लिहिते,
जिथं आधी कतल्याचं वजन लिहायचे.

पहिला सोमवार : एक गाठ.
मोहटोल्याचा तरा तेव्हा
घोटलेल्या अंबाडीसारखा हिरवा.
म्हशी बाहेर निघायच्या त्या रंग खेळून आल्यागत.
पहाटे मासे तोंड वर काढून
हवा मागायचे.

कोणी म्हणे औषध टाकलं. कोणी वैऱ्याचं नाव घेतलं.
विष काही सापडलं नाही.
सापडलं ते जेवण :
बांध्यांतून दर पाण्याला उतरलेला युरिया,
पाळीच्या दगडांवर धुतलेल्या चादरींचा फेस,
आणि आमचंच,
(इथं पेन थोडा थांबतो)
संस्थेनं ठराव करून टाकलेल्या शेणाच्या बावीस गाड्या,
वरून सुपर फॉस्फेटची पोती,
कतला लवकर फुगावा म्हणून.
ठरावाखाली सही माझी.

तऱ्याला आम्ही पंगतीत बसवलं
आणि आग्रह केला.
घे, अजून एक, आमच्या गळ्याची शपथ.
त्यानं ताटावर हात आडवा धरला असेल कधीतरी.
आम्ही वाढतच होतो.

भंडाऱ्याहून रजनीगंधा वाढई आली, बाटल्या घेऊन.
म्हणाली, तिकडं युरोपात तळ्यांसाठी कायदा आहे,
पाच पायऱ्या : उत्तम, चांगलं, मध्यम, खराब, वाईट.
चांगल्याच्या खाली तळं राहिलं
तर सरकारला जाब द्यावा लागतो.
पुस्तकलाबाई मारबते तंबाखू चोळत ऐकत होती.
"आपला कितवा?"
"शेवटचा, बाई."
"अन् तिथच्या तऱ्यात गाद असते का?"
रजनीगंधाला गाद माहीत नव्हती.
पुस्तकलाबाईनं चिमूट ओठात ठेवली
आणि लुगडं खोचलं.

मे महिन्यात गाळ काढला.
ज्यांचा युरिया, त्यांच्याच बांधीत तो परत गेला, ट्रॅक्टरनं.
मग तीन कोसांवरच्या एका विसरलेल्या बोडीतून
ओल्या पोत्यांत, डोक्यावर,
गाद आणली, चिला आणला, परसूड, पोवन.
अकरा बायका, कमरेएवढ्या पाण्यात.
धानाचा रोवणा हातानं, हा पायाच्या अंगठ्यानं,
चिखलात दाबत दाबत.
कोणत्या गवताखाली कोण अंडी घालतो
हे पुस्तकलाबाई सांगत होती,
सासूनं सांगितलेलं, सासूच्याच आवाजात.

वही म्हणते : दोन. दोन. दीड.
भादव्यात परत एक. पुरानं बांध्या धुवून आणल्या.
त्या साली कतला टाकला नाही, नफा नाही.
वार्षिक सभेत धनपाल दिघोऱ्यानं वही आपटली :
"गाठी खावाच्या का?"
उत्तर माझ्याजवळ नव्हतं.
चहा आला, तो सगळ्यांनी प्यायला.
मी सोमवारी परत डोंगा सोडला.

परवा
थाळी खाली जात होती, जात होती,
गादीच्या शेंड्यांमधून, हलत.
एक दाडक आला, बोटाएवढा.
तिला तोंड लावलं.
रिकामी आहे, बघितलं,
आणि आपल्या कामाला निघून गेला.
एवढ्या खालचा मासा
मी डोंग्यातून पहिल्यांदाच बघत होते.
मोजायचं विसरले. परत सोडावी लागली.

पाळीवरून धनपाल ओरडतो, "किती?"
राग गेला नाही अजून,
पण दर सोमवारी येऊन उभा राहतो.
मी चार बोटं दाखवते.

पाचवी गाठ कोरडी आहे.