माया

मगदूम साहेबांनी विचारलं, "किती लागंल?"
जसं मांडववाल्याला खुर्च्या विचाराव्यात.

हिशेब मी मांडला होता.
एक लाख बारा हजार सभासद,
सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध,
लिटर, फॅट, डिग्री, दर.
वर्षाला आठ कोटी सतरा लाख साठ हजार ओळी,
ओळीला दोनशे बाइट,
शोधायच्या सूचीला आणखी तेवढेच.
इथवर नुसता गुणाकार.

पण म्हशीच्या कानातला बिल्ला बारा आकडी झाला
आणि आमच्या जुन्या रकान्यात दहाच मावत होते.
तो रकाना आखणाऱ्याला वाटलं असणार,
दहा म्हणजे पुष्कळ.

पुढच्या वर्षी विम्यासाठी म्हशींचे फोटो येणार.
"फोटोला अशी कितीशी जागा?"
साहेब, एका फोटोच्या जागेत
एका सभासदाचं सात वर्षांचं दूध बसतं.
ते खिडकीतून उचगावच्या रस्त्याकडं बघत राहिले.

मी गेल्या दिवाळीचं काही बोलले नाही.
फरकबिलाच्या रात्री डिस्क गच्च भरली,
पहाटे सर्व्हरनं नोंदी घेणं थांबवलं,
आणि शिरोळकडच्या एका संस्थेत
आक्काताई खोत, सव्वासहा लिटर,
रांगेत उभ्या राहूनही
कुठंच उभ्या नव्हत्या.
त्यांची चिठ्ठी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
शाई दुधानं फुटलेली.

खासबागेच्या मागं लतीफ मास्तर माझा गणवेश शिवायचे.
टेप गळ्यात, टाचण्या ओठांत,
त्यातूनच आईला म्हणायचे,
"दोन इंच माया ठेवलीया."
सातवीत उसवली, आठवीत उसवली.
आतलं कापड न विटलेलं, गडद निळं,
घडीवर जुन्या टाक्यांची भोकं.
नववीत मी किती उंच होणार
हे त्यांनी कधी विचारलं नाही.
मलाही ठाऊक नव्हतं.

अर्जात रकाना होता : राखीव जागा, टक्के, कारण.
मी लिहिलं, पस्तीस.
कारणात आधी लिहिलं, माया.
मग खोडून, अपेक्षित वाढ.

"वीस करा," साहेब म्हणाले.
मी अठ्ठावीस केले.
चष्मा घरी विसरला होता त्यांचा,
सही केली.