थांबा क्रमांक चार

स्टँडच्या भिंतीवर कोड चिकटवलाय.
मोबाईल धरा, वायर कानात घाला, चालू लागा.
सव्वा तासाचं आमचं गाव,
कुरणवाडी, आटपाडीच्या पल्याड.
बोलणारे सतराजण, जोडणारा मी.
एरवी लग्नात स्पीकर लावतो,
आवाजातली घरघर कशी काढायची ते हाताला ठाऊक.

पहिला थांबा पाझर तलाव.
हिंदुराव गळवे, माझा सख्खा चुलता, सांगतो,
आमच्या आज्यानं रान दिलं म्हणून हा तलाव.
त्याच बांधावर बसून इंदूबाई मेटकरी सांगते,
"दिलं कशाचं? मोजणी झाली तवा
ह्यांची हद्द आपसूक वर सरकली,
बुडाला आमचा मळा."
एकामागून एक लावलं की मागून बोलणारा खरा वाटतो.
उलटं लावून पाहिलं, तर उलटं.
शेवटी चुलता डाव्या कानात ठेवला,
इंदूबाई उजव्या.
ऐकणाऱ्यानं आपलं डोकं मध्ये धरावं.

दुसरा, पाटाचं दार.
यल्लाप्पा पाटकरी, रिटायर, दमेकरी.
"चावी माज्याकडं हुती," म्हणतो,
"रात माज्याकडं नव्हती."
पाट कुणी फोडला, ते नाव त्यानं घेतलं.
स्पष्ट घेतलं, बापाच्या नावासकट.
मग शाळेत तीन संध्याकाळी बैठक.
ठेवा. काढा. नातवंडं शिकतायत त्याची.
आणि आमची पिकं जळाली त्याचं?
मेघनाबाई फळ्यावर मतं मांडत गेल्या,
नऊ विरुद्ध आठ.
नावाच्या जागी मी पाणी ओतलं,
पाटाचंच, दोन सेकंद.
आता गावातलं शेंबडं पोरही
पाणी वाजलं की नाव सांगतं.

तिसऱ्या थांब्याला नदी होती.
मुबारक मुलाणी म्हणाला, वाळूच्या डंपरचा आवाज लाव.
पण ह्या मशीनची वर्गणी
डंपरवाल्यांचीच आहे.
तिथं सध्या वारा लावलाय.

चौथा, आड.
पारूबाई ऐवळे काठीवर हनुवटी टेकून बसलेली.
मशीन बघितलं आणि म्हणाली,
"बंद कर ते."
केलं.
मग ती बोलली. ऊन पायरीवरून
उतरून आत गेलं, तरी बोलत होती.
कुठली पायरी कुणाची,
किती वेळ, कुणाच्या मर्जीची वाट,
आणि एकदा रिकामी घागर घेऊन
परत जाताना तिची आई काय म्हणाली.
ते मी इथंही लिहिणार नाही.
त्यात आमचं आडनाव दोनदा आलं.

"आता लाव," म्हणाली.
उठली, रहाट ओढला.
नातू धावला, त्याला काठीनं मागं सारलं.
बादली वर आली.
"कर वंजळ."
मी खाली बसलो.
तिनं उभं राहून वरून ओतलं,
मनगटाला शिवणार नाही एवढ्या उंचीवरून,
सावकाश.
निम्मं कोपरावरून शर्टात गेलं.
मी प्यालो.

चाळीस सेकंद आहेत ते.
रहाटाची करकर मी काढलेली नाही.

फोन येतात, दादा, चार नंबर खराब झालाय,
नुसतंच पाणी पडतंय.
व्हय, म्हणतो, तेवढंच हाय.

काल शेवटच्या फाट्यावरच्या वस्तीचे चौघं आले,
मोटारसायकल उभी, इंजिन चालूच.
"आमचा थांबा कुठाय ह्यात?
पाण्यात बी टेलला आमी,
आन् आता आवाजात बी टेललाच?"
बसा म्हटलं, बसले नाहीत.
चहा मात्र उभ्यानं घेतला.

रविवारी जायचंय तिकडं.
इंदूबाई येते म्हणतीय, चुलता येऊ नको म्हणतोय.
मशीन चार्जिंगला लावलंय.
लाईट रात्री दोनला येणार.