चढणारी, धरणारी

नेत्रावळीच्या कुळागरात शाणू वेळीप
कोयती कमरेला खोवून विचारतो,
"मिरवेल चढायला हवी, की धरायला?"

मला वाटलं होतं, वेल म्हणजे वेल.

तो पोफळीपाशी नेतो. बोट ठेवतो.
ही सरळ वर गेलेली.
पेरापेराला मुळं, आखूड, राठ,
पालीनं भिंत धरावी तशी धरतात पोफळीला,
तिचा घोटभर रस मात्र पीत नाहीत.
दुसऱ्याच्या अंगावर राहून त्याचं काही न खाणं
सोपं नसतं.
भावाकडे वास्कोला मी सहा वर्षं काढली आहेत.

आणि ही आडवी फुटलेली.
हिच्या पेरांना मुळं नाहीत, घोस सगळे हिलाच.
घोस येतो कुठे, तेही बघ:
पानाच्या काखेत नाही,
त्याच पेरावर, पानाच्या बरोबर समोर,
बोलणं टाकलेली दोन माणसं
एकाच ओसरीवर बसावीत तसा.

फूल म्हणावं असं काही नाही.
पाकळी नाही. मधमाशीला बोलावणं नाही.
आषाढात एक थेंब घोसाच्या देठाशी अडतो,
मग कणाकणावर पाय टेकत खाली येतो,
वरचा पराग खालच्यांना देतो, गळून जातो.
"पोस्टमन," शाणू म्हणतो, "सायकल नसलेला."

सरळीचा तुकडा लावलास तर वीस हात चढेल,
पण तीन-चार वर्षं थांब.
आडवीचा कुंडीत लाव,
दुसऱ्या वर्षी मिरी. चढणार मात्र नाही.
आधार दिलास तरी नाही.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर,
आधाराला खिडकीचे गज.
मी आडवी मागितली.

सांग्याच्या बसमध्ये, ओल्या सोपटात गुंडाळलेली,
मांडीवर. शेजारची बाई म्हणाली, "पानवेल?"
पान तसंच, जातही जवळची. मी नाही म्हटलं,
आणि पेरावरून अंगठा फिरवत राहिले.
गुळगुळीत.

यंदा सदतीस दाणे.
हिरवे, एक तांबडा, तोही पक्ष्यानं नेला,
म्हणजे छत्तीस.
खिडकीत वाळवले. बंदरावरून कोळशाची पूड येते,
म्हणून धुतले, पुन्हा वाळवले.
काळ्यावरचं काळं गेलं की नाही, कळलं नाही.

गजाला एक सुतळी बांधून ठेवली आहे.
शाणूला सांगितलेलं नाही.